धोरणाची डॉक्टरी आणि शेतकऱ्याचा मुलगा

गेल्या महिन्यांत संघाच्या कचेरींत बियाण्याचा हिशेब चालू असतां पारोळ्याकडील एक सभासद आमच्याजवळ येऊन बसले. बारा-तेरा एकर जिराईत, त्यांत कापूस व ज्वारी, आणि फाल्गुन लागतांच तळ दाखविणारी एक विहीर, असा त्यांचा प्रपंच आहे. त्यांचा धाकटा मुलगा अर्थशास्त्र घेऊन एम्. ए. झाला, आतां तो 'सार्वजनिक धोरण' या विषयांत पीएच्. डी. करावयाची म्हणतो. आबांस प्रथम आनंदच झाला, कारण डॉक्टर म्हटला कीं दवाखाना असें त्यांनीं धरलें होतें. मुलानें खुलासा केल्यावर ते गोंधळांत पडले. सरकारचें धोरण सरकार ठरवितें, त्यांत आमच्या पोरानें शिकावयाचें काय, आणि शिकून पोटास मिळावयाचें काय, असे दोन प्रश्न त्यांनीं आम्हांस घातले. तिसरा प्रश्न, जो खरा होता, तो त्यांनीं उठतां उठतां हळूच विचारला: नदीकांठचा दीड एकराचा तुकडा याकरितां विकावा कीं न विकावा?

आम्हांस विचारण्याचें कारण एवढेंच कीं आमचें आयुष्य महसुलाच्या कचेरींत गेलें. आमचें शिक्षण मराठी शाळेंत सुरू झालें व तेथेंच संपलें. पुढें जें शिकलों तें दप्तरांतून शिकलों. तेव्हां विद्वत्तेच्या अधिकारानें आम्ही हें लिहीत नाहीं. परंतु धोरण ज्या कागदावर उभें राहतें तो कागद पुष्कळ वर्षें आमच्या हातांखालून गेला आहे, आणि हा प्रश्न आज एकट्या आबांच्या घरचा राहिलेला नाहीं. म्हणून त्यांस जें सांगितलें तें इतर सभासदांपुढेंही ठेवतों.

हा अभ्यास म्हणजे काय तें प्रथम पाहूं. सरकार एखादी गोष्ट करतें, ती कोणत्या आकड्यांवरून करतें, केल्यावर कोणास लाभ होतो व कोणास तोशीस लागते, आणि तीच गोष्ट दुसऱ्या रीतीनें केली असती तर काय झालें असतें, याचा कसून शोध घेणें म्हणजे हा अभ्यास. आमच्या रावेर-यावलच्या बागाईतदारांस हें लवकर समजेल. केळीच्या विम्यांत थंडीनें किंवा उष्णतेनें झालेल्या नुकसानीची भरपाई विमा कंपनीचा मनुष्य बाग पाहून ठरवीत नाहीं; महसूल मंडळांतील हवामान केंद्राच्या यंत्रानें नोंदलेल्या उष्णतामानावरून ती ठरते. मग यंत्र नदीकांठीं असावें कीं माळावर? एका मंडळास एकच यंत्र पुरतें काय? ज्याची बाग यंत्रापासून दूर खोलगटांत आहे त्याची थंडी कोणी मोजावयाची? या प्रश्नांचीं उत्तरें कोणीतरी हिशेबानें काढून सरकारपुढें ठेवावीं लागतात. तीं काढण्याची शिस्त जेथें शिकवितात ती ही विद्या.

कापसाचेंही तसेंच. आधारभूत भाव ठरविण्यासाठीं कृषि मूल्य आयोग उत्पादनखर्च काढतो. त्यांत पदरचा रोकड खर्च व घरच्या माणसांची मजुरी एवढें धरिलें म्हणजे एक आकडा येतो. स्वतःच्या जमिनीचा खंड व गुंतलेल्या भांडवलाचें व्याजही धरिलें म्हणजे दुसरा, पहिल्याहून मोठा, आकडा येतो. २०१८ सालच्या अंदाजपत्रकांत खर्चाच्या दीडपट भाव देण्याचें जाहीर झालें तेव्हां हिशेबास घेतला तो पहिला आकडा. शेतकरी मागत होते ती दुसऱ्याची दीडपट. दोन्ही पक्षांच्या तोंडीं 'दीडपट' हा एकच शब्द, आणि मध्यें अंतर क्विंटलामागें कित्येक रुपयांचें! महाराष्ट्रांत हा खर्च गांवोगांव नोंदण्याचें काम राहुरीच्या कृषि विद्यापीठाकडे आहे. ज्यास हें गणित कळतें असा एकही मनुष्य आपल्या बाजूनें बोलणारा नसेल, तर मोर्चे कितीही निघाले तरी वाद शब्दाच्या अलीकडेच अडून राहतो.

ही विद्या नवी नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांस आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतों. पण त्यांची डॉक्टरी याच जातीची होती हें पुष्कळांस ठाऊक नसतें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत गेले. ब्रिटिश अमदानींत मध्यवर्ती सरकार व प्रांत यांच्यांत पैशाची वांटणी कसकशी होत गेली हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. तो १९२५ सालीं ग्रंथरूपानें छापला गेला व १९२७ सालीं त्यांस पदवी मिळाली. मधल्या काळांत, १९२३ सालीं, लंडनची डी. एस्सी. ही पदवी त्यांनीं रुपयाच्या प्रश्नावर मिळविली होती. आपल्या राज्यघटनेच्या २८० व्या कलमांत केंद्र व राज्यें यांच्यांतील वांटणीसाठीं वित्त आयोग नेमण्याची तरतूद आहे. त्याच हिशेबांचा ज्यांनीं तरुणपणीं छडा लावला होता तेच घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते.

शेतकऱ्यानें त्यांचा १९१८ सालचा एक निबंध विशेष लक्षांत ठेवावा. त्या काळीं शेताचे तुकडे पडतात हाच शेतकऱ्याचा मुख्य रोग असें सर्वत्र बोललें जात असे, व तुकडे जोडा म्हणजे दैन्य संपेल असा उपाय सुचविला जाई. आंबेडकरांनीं उलट विचारलें, कीं शेत लहान कशाच्या मानानें? ज्याच्याजवळ बैल नाहीं, पाणी नाहीं, पैसा नाहीं, त्यास पांच एकरही भारी. ज्याच्याजवळ तीं आहेत त्यास तेवढ्यांतही निभतें. दोष क्षेत्राचा नसून भांडवल अपुरें व जमिनीवर पोट भरणारे फार, हा आहे. तेव्हां या जादा हातांस कारखान्यांत काम मिळालें पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. १९२७ सालीं मुंबईच्या कौन्सिलांत लहान शेतांसंबंधीं बिल आलें तेव्हां त्यांनीं त्यास विरोध केला. तुकडेबंदीचा कायदा पुढें १९४७ सालीं झालाच, आणि त्याच्या नोंदींवरून भाऊभाऊ कचेरीच्या ओट्यावर भांडतांना आम्हीं पाहिले. त्या भांडणांतून शेत मोठें झालेलें आम्हांस तरी आढळलें नाहीं. (जातां जातां सांगतों: १९३७ च्या जुलैच्या ३१ तारखेस बाबासाहेब एका खटल्याच्या कामीं धुळ्यास आले असतां लळिंगच्या कुरणांतील लांडोर बंगल्यांत उतरले होते. दरवर्षीं त्या तारखेस तेथें लोक जमतात. त्यांतील कितीजणांस हा निबंध ठाऊक असतो?)

दुसरें उदाहरण धनंजयराव गाडगीळ यांचें. केंब्रिज येथें त्यांनीं हिंदुस्थानच्या उद्योगधंद्यांच्या वाढीवर प्रबंध लिहिला. त्याचा ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांची ती पदवी एम्. लिट्. ची, पीएच्. डी. ची नव्हे, पण आम्हांस येथें पदवीच्या नांवापेक्षां कामाशीं कर्तव्य आहे. १९३० सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली तिचे ते पहिले संचालक. तेथें त्यांनीं विद्यार्थ्यांस ग्रंथालयांत बसवून ठेविलें नाहीं. वाई तालुक्यांतील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी केली, सोलापूर शहराची केली, पुण्याच्या फळबाजाराची केली. पुढें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं लोणीच्या माळावर शेतकऱ्यांचा साखर कारखाना काढला तेव्हां त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच झाले. १९६७ सालीं ते दिल्लीस नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, आणि राज्यांस केंद्राची मदत कोणत्या प्रमाणांत द्यावी याचें त्यांनीं बसविलेलें सूत्र १९६९ पासून त्यांच्याच नांवानें चाललें. वाईच्या बांधापासून दिल्लीच्या दालनापर्यंत एक मनुष्य एकाच विद्येनें गेला, तो असा.

अर्थात् डॉक्टरीवांचून धोरण सुचतच नाहीं असें कोणी समजूं नये. दुष्काळांत मागेल त्यास काम देणारी रोजगार हमीची योजना वि. स. पागे यांच्या डोक्यांतून निघाली. ते वकिली शिकलेले, स्वातंत्र्याच्या चळवळींतले, विधान परिषदेचे सभापति, डॉक्टर नव्हते. तासगांव तालुक्यांतील एका गांवीं त्यांनीं ती आधीं करून पाहिली, १९७२ च्या दुष्काळांत ती राज्यभर उपयोगी पडली, १९७७ सालीं महाराष्ट्रानें तिचा कायदा केला, व २००५ सालीं देशानें त्याच धर्तीवर कायदा केला. पण करून पाहणें, मोजणें आणि मग सांगणें हा क्रम त्यांनींही सोडला नव्हता.

आतां आमची स्वतःची एक गोष्ट सांगतों. ती सांगण्यांत आम्हांस भूषण नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या कचेरींत गांवोगांवच्या पीकपाहणीवरून तालुक्याचा गोषवारा करून वर पाठविण्याचें काम आमच्याकडे होतें. पत्रक ठरल्या तारखेस गेलेंच पाहिजे. न गेल्यास वरून विचारणा येई. गेलेलें पत्रक खरें आहे कीं नाहीं ही विचारणा मात्र आमच्या उभ्या नोकरींत कोणी केली नाहीं. एके वर्षीं सात-आठ गांवांचे कागद वेळेवर आले नाहींत. आम्हीं गेल्या वर्षींचे आकडे उचलून लिहिले आणि पत्रक रवाना केलें. कचेरींत यास कोणी पाप म्हणत नसे. काम वेळेवर उरकलें म्हणत.

दोन वर्षांनीं एक विद्यार्थी आला. दुष्काळांतील सरकारी मदत कोणापर्यंत पोंचते हा त्याच्या प्रबंधाचा विषय. दुसऱ्या जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याचा मुलगा, अंगानें किडकिडीत, जेवणाचा डबा बरोबर घेऊन येई. तीन दिवस तो आमच्या टेबलाशेजारीं बसून आकडे उतरवीत होता. चौथ्या दिवशीं त्यानें दोन कागद आमच्यापुढें ठेवले व अदबीनें म्हणाला, "भाऊसाहेब, या गांवांत दोन वर्षें ओळीनें कापसाचें क्षेत्र गुंठ्यापर्यंत तेंच आहे. पाऊस तर दोन्ही वर्षें सारखा नव्हता." आम्ही म्हणालों, "असेल." तो पुढें बोलला नाहीं. नंतर तो त्या गांवीं जाऊन आठवडाभर राहिला, सोसायटीच्या बियाणेविक्रीच्या पावत्या त्यानें पाहिल्या, बांधाबांधानें फिरला, आणि परत येऊन सांगितलें कीं त्या वर्षीं पाऊस उशिरां आल्यामुळें तेथें निम्म्या लोकांनीं कापूस सोडून ज्वारी पेरली होती. ती ज्वारी करपली. मदत पिकाप्रमाणें वांटली गेली, आणि ज्यांची ज्वारी करपली त्यांची ज्वारी कागदावर नव्हतीच.

प्रबंधांत त्यानें आमचें नांव घातलें नाहीं. काका म्हणून कचेरीबाहेर चहा मात्र पाजला. तो चहा आम्हांस गोड लागला नाहीं. त्यानंतर आम्हीं आकडे कधींच उचलले नाहींत असें म्हणूं तर तेंही पुरतें खरें होणार नाहीं. पण उचलतांना तो मुलगा आठवे. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः मोबाइलवर करावयाची ठरली आहे. तेव्हां आतां दोष द्यावयास कारकून उरला नाहीं. ज्यांनीं ती नोंद गांवांतील कोणा पोराकडून घरबसल्या भरून घेतली त्या सभासदांनीं आमच्यावर हंसण्यापूर्वीं थोडें थांबावें.

सांगण्याचा मुद्दा हा कीं कागद खोटा आहे हें ओळखण्याची नजर या शिक्षणानें त्या मुलास दिली, आणि बांधावर जाण्याचे पाय त्यास घरून मिळाले होते. दोन्ही एकत्र असतील तरच या डॉक्टरीस अर्थ आहे. मुंबई-पुण्याचीं हुशार मुलें ही विद्या शिकतात, त्यांस नजर येते. पण सातबाराच्या उताऱ्यांत विहीर लिहिली आहे म्हणजे तिला पाणी असेलच असें तीं धरून चालतात. आपलीं मुलें तसें धरणार नाहींत.

मग त्या मुलाचें पुढें काय झालें? हें आम्हीं आबांस लपविलें नाहीं. तो आज दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवितो. म्हणजे जेवढे तास शिकविले तेवढ्यापुरतें मानधन. सकाळीं एका गांवीं, दुपारीं दुसऱ्या गांवीं, मध्यें मोटारसायकल. चाळिशी उलटली, लग्न उशिरां झालें. प्रबंध इंग्रजींत आहे. तो विद्यापीठाच्या कपाटांत बांधून ठेविलेला आहे, आणि ज्या गांवची ज्वारी त्यांत आहे त्या गांवानें तो पाहिलेला नाहीं.

पीएच्. डी. झाली कीं प्रोफेसरची जागा ठेविलेलीच, हा समज आतां सोडावा. कॉलेजांतील साहाय्यक प्राध्यापकाच्या जागेस नेट किंवा सेट ही परीक्षा किमान पात्रता म्हणून लागेल व पीएच्. डी. ऐच्छिक राहील, असें विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२३ सालीं ठरविलें. शिवाय आपल्या राज्यांत या जागांची भरती वर्षानुवर्षें रखडत आली आहे. दुसरा गैरसमज, डॉक्टर झाला म्हणजे कलेक्टर होणें सोपें. तो तर मुळींच खरा नाहीं. तहसीलदार, प्रांत, कलेक्टर यांच्या परीक्षांस साधी पदवी पुरते. ज्यास खुर्ची हवी आहे त्यानें प्रबंधांत पांच वर्षें घालवूं नयेत.

पण कॉलेजाबाहेर या विद्येस जागा आहेत, आणि त्या आपल्या लोकांस दिसत नाहींत. पुण्याची गोखले संस्था, मुंबईंत गोरेगांवास रिझर्व्ह बँकेनें १९८७ सालीं स्थापिलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था व तिची तुळजापूरची शाखा, पवईच्या आय. आय. टी. मधील धोरण अभ्यासाचें केंद्र, येथें हा अभ्यास होतो व तेथून माणसें पुढें जातात. नाबार्डसारखी बँक, मूल्य आयोग, राज्य सरकारनें २०२२ सालीं काढलेली 'मित्रा' ही संस्था, पाण्यावर व शेतीवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था, विमा कंपन्या, या सर्वांस आकडे वाचणारा मनुष्य लागतो. विमा कंपनीस तर तो आपल्याआधीं लागतो, आणि तिला तो मिळतोही. शेतकऱ्यांच्या संघास मात्र तो लागतो असें अजून कोणास वाटत नाहीं. या नोकऱ्यांपैकीं पुष्कळ मुदतीच्या कराराच्या असतात, हेंही मुलानें समजून असावें.

आबांच्या तुकड्याविषयीं आमचें मत स्पष्ट आहे: विकूं नये, गहाणही ठेवूं नये. मुलानें प्रथम नेटची परीक्षा द्यावी. त्यांत कनिष्ठ संशोधन वृत्तीस पात्र ठरला तर २०२३ पासूनच्या दरानें पहिलीं दोन वर्षें महिना ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये मिळतात. तेवढ्यांत एकट्याचा खर्च भागून घरीं थोडें पाठवितां येतें. तें न जमल्यास बार्टी, सारथी, महाज्योति या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. ज्याच्या त्याच्या समाजाप्रमाणें अर्ज करावा. मात्र तो पैसा दरमहा ठरल्या दिवशीं येईलच असें धरून उसनवारी करूं नये. आणि यांपैकीं कांहींच न मिळालें तर नोकरी करीत अर्धवेळ पीएच्. डी. करण्याची मुभा २०२२ च्या नियमांत आहे. या नियमांप्रमाणें अभ्यासास कमीत कमी तीन व साधारणतः जास्तींत जास्त सहा वर्षें. सहा वर्षें म्हणजे सहा खरीप, हें बापानें व मुलानें दोघांनीं मिळून मोजावें. जमीन विकून शिकलेल्या मुलास पुढें ती जमीन परत घेण्याची घाई होते, आणि घाई झालेला मनुष्य पहिली मिळेल ती नोकरी धरून शिकलेलें विसरतो. असें आम्हीं दोन घरीं पाहिलें आहे.

विषय कोणता घ्यावा, हें मुलानें आम्हांस विचारलें. आम्ही म्हणालों, साक्रीच्या बाजूस पांझरेवर फड पाहून ये. नदीवर बंधारा, त्यावरून पाट, पाटाखालील जमिनीचे फड, एका फडांत सर्वांचें एकच पीक, पुढील वर्षीं पिकाची अदलाबदल. पाणी वांटणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, वर देखरेखीस हवालदार, आणि त्यांचें वेतन गांवाच्या हातून. कित्येक शतकें हें सरकारवांचून चाललें. २००५ सालीं राज्यानें शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचा कायदा केला. कागदावर संस्था पुष्कळ झाल्या, त्यांतल्या चालतात किती? फड कशानें चालला, कोठें मोडला व संस्था कां अडते, हें जोडून दाखविणारा मनुष्य आमच्याच खोऱ्यांतला असावा असें आम्हांस फार वाटतें. जळगांवच्या विद्यापीठासही असा विषय अर्थशास्त्राखालीं वा राज्यशास्त्राखालीं घेतां येईल. त्या विद्यापीठास २०१८ पासून आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचें नांव आहे; त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें, आणि शेताविषयीं त्यांस न कळणारें असें थोडेंच होतें.

आपल्या संघापुढें आम्ही एक सूचना ठेवतों. दरवर्षीं खान्देशांतील अशा एका विद्यार्थ्यास संघानें प्रवासखर्चापुरती मदत द्यावी, व आपल्या जुन्या वह्या, बियाणेविक्री, कर्जवांटप, कापसाची आवक, त्याच्यापुढें उघड्या कराव्या. अट एकच: प्रबंध झाल्यावर त्याचें सार वीस पानांत मराठींत लिहून द्यावें, आणि ज्या गांवचे आकडे घेतले त्या गांवच्या चावडीवर तें स्वतः वाचून दाखवावें. गांवकरी चुका काढतील त्या दुरुस्त करून मगच या मासिकांत छापावें.

ही सूचना वार्षिक सभेच्या कामकाजांत घ्यावी असें पत्र आम्हीं चिटणिसांस दिलें असून त्यासोबत आमच्या निवृत्तिवेतनांतून एक हजार रुपये भरून पावती घेतली आहे. आबांचा मुलगा सध्यां संघाच्या माळ्यावर बसून बियाणेविक्रीच्या वह्या सालवार लावीत आहे. त्यांपैकीं दोन वह्यांस वाळवी लागलेली निघाली. १९९६ व १९९७ या सालांच्या पावत्या ज्या सभासदांच्या घरीं असतील त्यांनीं त्या कचेरींत आणून द्याव्या, उतरवून घेऊन परत दिल्या जातील.